जीपच्या वाट्याचं पाणी

"गाडीले माहाच रोग लागला वाटते. पानी पेते, पन बाहेर काईच निंघत नाई."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. अकोल्यातल्या एका दवाखान्याच्या मागच्या आवारात, कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या जुन्या जीपच्या पुढच्या चाकाजवळ मी उकिडवी बसले होते आणि गाडीखाली पुठ्ठा सरकवत होते. बोलणारे गृहस्थ मागच्या दाराने उतरत होते. एका हातात कापडी पिशवी, दुसरा हात शेजारच्या बाईच्या खांद्यावर. ती बाई हसली. ड्रायव्हर हसला नाही. मीही हसले नाही, पण मनात म्हटलं, काकांनी आजार बरोबर ओळखला.

ती जीप खारपाणपट्ट्यातल्या एका गावाची होती. ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: अमरावती आणि अकोल्याच्या मधे, पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खोदा, बोअर मारा, खारटच लागतं. दिसायला काळीभोर, भारी जमीन आणि खाली हे असं पाणी. पिढ्यानपिढ्या तेच पिऊन तिथल्या कितीतरी लोकांच्या किडन्या गेल्या, असं तिथले लोक सांगतात. या गावाने वर्गणी काढून ही जुनी डिझेल जीप घेतली होती, ती एवढ्यासाठीच की गावातल्या पेशंटना ठरलेल्या दिवशी डायलिसिसला अकोल्यात आणता यावं. चालवायचे नामदेवभाऊ. पिकांची वर्षं फुकट गेल्यावर शेती दुसऱ्याला लावून ते स्टिअरिंगवर बसले होते. आणि उतरता उतरता बोलले ते प्रल्हादकाका, पेशंटांमधले सगळ्यात जुने.

माझं काम गरम होणाऱ्या गाड्या बघण्याचं. शाळा अमरावतीत, इंग्रजी माध्यमाची, नंतर ऑटोमोबाइलचा डिप्लोमा. माझ्या वर्गातल्या मुली बँकेत आणि पुण्यात गेल्या. मी अकोल्यात सलीमचाचांच्या गॅरेजमध्ये लागले. बाबांनी नातेवाइकांना बरेच दिवस "गाड्यांच्या कंपनीत आहे" असं सांगितलं. चाचांनी मला गॅरेजमध्ये कमी आणि लोकांच्या घरी जास्त पाठवलं, कारण तापलेली गाडी चालवत गॅरेजला आणणं म्हणजे ताप चढलेल्या माणसाला पळवत दवाखान्यात नेणं. जिथे उभी आहे तिथेच बघावी हे उत्तम. "आणि मी गेलो तं बाया खिडकीतून बोलते," चाचा म्हणायचे. "तू गेली का चहा मिळते." मला चहा मिळायचा, पण बोलायला फारसं सुचायचं नाही. माणसाकडे बघून बोलण्यापेक्षा बॉनेट उघडून आत बघणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

या कामात गूढ काही नाही, घरी कुणालाही करता येतं. सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण गार झालेली असताना बॉनेट उघडायचं. आत एक पांढुरकी प्लास्टिकची बाटली असते, तिच्यावर दोन रेघा असतात. कूलंट, म्हणजे आमच्याकडचं 'हिरवं पाणी', त्या दोन रेघांच्या मधे हवं. रोज थोडं थोडं खाली जात असेल तर दोनच गोष्टी असू शकतात. एकतर ते बाहेर गळतंय किंवा इंजिनाच्या आत जातंय. बाहेर गळत असेल तर रात्री गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवावा. सकाळी डाग कुठे पडला ते बघितलं की पाइप, पंप का रेडिएटरची जाळी ते कळतं. गळती घरच्या घरी शोधायची असते ती अशी. पुठ्ठा कोरडा आणि बाटली रिकामी, ही मात्र वाईट बातमी. मग ऑइलची पट्टी ओढून बघावी. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये शिरलं. इंजिन चांगलं तापल्यावरही मागून पांढरी वाफ थांबत नसेल तर पाणी आत जळतंय. आणि रेडिएटरचं टोपण गाडी गार असतानाच उघडून मग इंजिन चालू केलं आणि पाण्यात बुडबुडे येतच राहिले, तर हेड गॅस्केट गेलं. इंजिनाच्या दोन भागांमधली ती पातळ चकती. एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला पाणी, त्यांची गाठ पडू द्यायची नाही एवढंच तिचं काम. गरम गाडीचं टोपण मात्र कधी उघडू नका. घाई करून उघडणाऱ्यांचे चेहरे मी पाहिले आहेत.

आमच्याकडे लोकांचे स्वतःचेही इलाज असतात. अमरावतीला एका निवृत्त साहेबांच्या घरी गेले, तर त्यांच्या रेडिएटरमधून पिवळं पाणी निघालं. जाळी गळत होती म्हणून कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी मूठभर हळद टाकली होती. हळद फुगून भोक बुजतं हे खरंच आहे, पण ती सगळ्याच नळ्या बुजवते. मी ती जाळी चाचांकडे आणली तेव्हा ते म्हणाले, "साहेबायनं गाडीचं लगन लावलं. आता वरात निंघाली नाई तं आपला काय दोष?"

एका जिनिंगवाल्या शेठजींची गाडी दरवर्षी दिवाळीनंतर गरम व्हायची. कारण साधं होतं. जिनिंगच्या आवारात कापसाचे तंतू हवेत उडत असतात, ते रेडिएटरच्या जाळीत गादीसारखे बसतात आणि वारा आत जात नाही. मी दरवर्षी जायचे, उलट बाजूने हवा मारायचे आणि पांढरा ढग अंगावर घेऊन परत यायचे. एका वर्षी त्यांचा फोन आला तो बॅटरी उतरली म्हणून. सवयीने जाळी बघितली तर लखलखीत.

"यंदा जाळी स्वच्छ आहे," मी म्हटलं.

"स्वच्छ नाई तं काय राईन? कापूसच कोठी हाय?" शेठजी पायरीवर बसल्या बसल्या म्हणाले. "शेतात बोंडायमंधी अळी, आन इथं मशीनवर कबुतरं. तूच सांग पोरी, गाडी गरम कायनं होईन?"

थंड इंजिनाची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. गावोगाव तेच होतं. ट्रॅक्टर शेडमध्ये उभे, उभ्याउभ्या पाण्याचे पंप आवळलेले, रबरी पाइप उंदरांनी कुरतडलेले. चालणाऱ्या गाड्या होत्या त्या बाहेरून आलेल्या. त्या वर्षांत आमच्याकडे काय चाललंय हे बघायला फार लोक आले. त्यांच्या गाड्या गावाच्या मधोमध, एसी लावून, इंजिन सुरू ठेवून उभ्या राहायच्या. आत साहेब, बाहेर ज्याने जीव दिला त्या शेतकऱ्याचं कुटुंब. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात तसं उभं राहिलं की कोणतीही गाडी तापते. खोटं कशाला बोलू, त्या उन्हाळ्यात चाचांचं गॅरेज या पाहणीच्या गाड्यांवरच चाललं.

एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडून अशाच एका ड्रायव्हरचा फोन आला, काटा लाल रेघेला टेकला म्हणून. उभं राहायला सावलीसुद्धा नव्हती. मी सांगितलं, एसी बंद करा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण लावा.

"काय लावू?"

"हीटर."

"मॅडम, बाहेर आग पडून रायली आन तुमी हीटर लावा म्हनता? आत साहेब हायेत!"

इंजिनाची उष्णता हीटरच्या नळ्यांतून थोडी आत खेचली जाते, सावलीपर्यंत पोचायला तेवढं पुरतं, हे त्याला पटेना. शेवटी फोन साहेबांकडे गेला. त्यांना मी तेच इंग्रजीतून सांगितलं आणि त्यांनी मुकाट्याने हीटर लावला. चाचा बाजूला उभं राहून ऐकत होते. म्हणाले, "तुह्या बापाचे शाळेचे पैसे आज वसूल झाले."

असं सगळं चालू असताना ती जीप आली.

म्हणजे जीप आली नाही, मीच दवाखान्याच्या आवारात गेले. पेशंट मशीनवर असतात तोवर जीप तिथे उभी असायची आणि नामदेवभाऊंना तेवढाच मोकळा वेळ असायचा. इंजिन गार होईपर्यंत थांबलो. पुठ्ठा कोरडाच राहिला. मग मी टोपण उघडलं. टोपणाच्या आतल्या बाजूला पांढरट, खरबरीत थर होता, चुन्यासारखा. पाणी चांगलंच खाली गेलं होतं. वरपर्यंत भरून इंजिन चालू करायला सांगितलं तर आतून बुडबुडे यायला लागले, एकसारखे, उकळी फुटावी तसे. पाणी गार असूनही.

"पाणी कुठलं टाकता?" मी विचारलं.

"गोडंच," नामदेवभाऊ म्हणाले आणि सीटमागची पांढरी कॅन दाखवली. ती त्या वेळी रिकामी होती.

प्रल्हादकाका त्या दिवशी मशीनवरून लवकर सुटले होते आणि झाडाखालच्या ओट्यावर बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "आमच्या गावात टँकर आला का हरेक घरून एक तांब्या जीपले जाते. मंग बाकीचे हंडे भरते. बोअरचं पानी गाडीले चालत नाई नं. आमाले चालते."

मी टोपण पुसलं. खाऱ्या पाण्याने रेडिएटर कसा होतो हे मला माहीत होतं. क्षारांचा थर नळ्यांमध्ये बसतो, पाणी फिरत नाही, इंजिन तापतं आणि तापता तापता एक दिवस गॅस्केट जळतं, कधी हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जातो. थर जुनाही असू शकतो, जीप जुनीच घेतली होती. कारण काहीही असो, पुढचं स्पष्ट होतं आणि ते मी नामदेवभाऊंना स्पष्ट सांगितलं. गॅस्केट गेलं आहे, इंजिन खोलावं लागेल, तोवर ही गाडी चालवू नका.

"किती दिवस?"

मी चाचांना फोन लावून दिला. हेड काढणं, लेथवाल्या टर्नरकडे नेऊन ते घासून सपाट करणं, सामान नागपूरहून येणं, परत बसवणं, हे पेशंटांच्या दोन पाळ्यांच्या मधे बसत नव्हतं. एक पाळी तरी चुकणार होती. डायलिसिसची पाळी ही एसटीची गाडी नव्हे, की एक हुकली तर दुसरी पकडू. मशीन मोजकी, पेशंट उभे. गावात दुसरी चालती चारचाकी नव्हती. नामदेवभाऊंनी फोन ठेवला आणि थोडा वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"हळू हळू नेतो, ताई," ते म्हणाले. "तुमी फक्त फोन उचलजा."

मी फोन उचलत राहिले. पुढच्या काही पाळ्या जीप तशीच आली. वाटेत ठिकठिकाणी थांबून, पाणी घालून. काटा अर्ध्याच्या वर गेला की नामदेवभाऊ सावली बघून गाडी उभी करायचे आणि मला विचारायचे. मी सांगायचे, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, टोपणाला हात लावू नका, हात ठेवता येईल इतकं गार होऊ द्या, मगच पाणी घाला, तेही थोडं थोडं. फोनमधून मागचं सगळं ऐकू यायचं. बायकांचं कण्हणं, वाऱ्याचा आवाज आणि प्रल्हादकाका.

"इचार तिले, जीपले मशीनवर टाकते काय म्हना? माह्या बाजूचा पलंग खाली हाये."

"काका, तुमी चूप बसा न," नामदेवभाऊ म्हणायचे.

"चूप बसून काय करू? पानी तं पिऊ देत नाई कोनी. बोलू तरी दे."

डायलिसिसच्या पेशंटला पाणीही मोजून प्यावं लागतं. काकांना दिवसाची एक बाटली होती. घसा कोरडा पडला की ते बोलायचे, असं त्यांच्या सोबतच्या बाईंनी मला एकदा सांगितलं होतं.

एका सकाळी फोन आला, त्यात मागे काहीच ऐकू येत नव्हतं. "ताई, बंद पडली," एवढंच नामदेवभाऊ म्हणाले. मी काय काय विचारलं. सेल्फ मारून बघा. इंजिन फिरत नव्हतं, जाम झालं होतं. मागून वाफ, आधी एक मोठा आवाज. आता फोनवरून करण्यासारखं काही उरलं नाही, हे कळायला मला वेळ लागला नाही. चाचांनी ओळखीच्या गाडीवाल्याला पाठवलं, पण तो पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. पेशंट शेवटी सरकीच्या एका टेम्पोत बसून दवाखान्यात पोचले. प्रल्हादकाकांच्या मशीनवर तोवर दुसरा पेशंट होता. इतरांचं कसंबसं झालं, काकांना मात्र उद्या यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी यायला गाडीच नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे काका घरीच वारले. डॉक्टर नंतर म्हणाले, त्यांचं हृदय आधीच खूप थकलं होतं, कधीही होऊ शकलं असतं. ते खरंही असेल. मला गाड्यांमधलं कळतं, माणसांमधलं कळत नाही.

जीप ओढून गॅरेजमध्ये आणली होती. चाचांनी हेड काढलं आणि उलटं करून बाकावर ठेवलं. दोन सिलिंडरच्या मधे तडा होता, नखात अडकण्याइतका. आणि पाणी फिरायच्या वाटा, ज्यांतून करंगळी जायला हवी, त्यांतून काडी जात नव्हती. पांढऱ्या थराने बुजल्या होत्या. वरचा थर भुसभुशीत होता, नवा. जुना थर दगडासारखा टणक असतो, तो पिवळट दिसतो. हा फारसा जुना नव्हता. गोड्या पाण्याचा असा थर बसत नाही.

चाचा जुम्याच्या नमाजला गेले होते. नामदेवभाऊ दारात उकिडवे बसले होते. मी ब्रशने हेड साफ करत होते आणि त्यांच्याकडे बघत नव्हते. तेच बोलले.

"तुमाले समजलंच असन."

मी ब्रश चालवत राहिले.

"लेक आली बाळंतपनाले," ते म्हणाले. "हातपाय सुजले तिचे, बीपी वाढला. डाक्टरीन म्हने, मीठ बंद करा. मीठ बंद करतो हो, पन घरचं पानीच मिठाचं, थे कसं बंद करू? टँकर येऊन नाई रायला होता. जीपची कॅन भरेल होती. म्या म्हटलं, गाडी तं काही बोलत नाई. लेकीले पाह्यलं का डोयात पानी आनते. एक डाव म्हटलं, मंग दुसऱ्या डाव. मंग तसंच चालू झालं. गाडीले बोअरचं, तिले गाडीचं."

"गावात सांगितलं का कुणाला?" मी विचारलं.

"कोनाले सांगू? सारं गाव आपल्या घशातलं काढून कॅनमंधी टाके."

खाऱ्या पाण्याच्या गावात माणसाला खारं आणि यंत्राला गोडं, हा हिशेब मला पहिल्या दिवसापासून टोचत होता. पण ते गावाने स्वतः ठरवलं होतं, आणि बरोबर ठरवलं होतं. यंत्र चाललं तरच माणसं चालणार होती. नामदेवभाऊंनी जे केलं ते कुठल्याही बापाने केलं असतं, आणि त्यातून जे झालं ते झालं. दोन्ही गोष्टी एकाच बाकावर समोर ठेवलेल्या होत्या. मी ब्रश करत राहिले.

दोन दिवसांनी प्रल्हादकाकांचा मुलगा विनोद गॅरेजमध्ये आला. डोक्यावरचे केस उतरवलेले, पायात साधी चप्पल. नामदेवभाऊ त्याच्या मागे दोन पावलं ठेवून आले होते. विनोद शांत होता. गावात संध्याकाळी बैठक होती, जीप दुरुस्त करायला पुन्हा वर्गणी काढायची आणि जीप कुणाच्या हाती द्यायची ते ठरवायचं होतं. लोक म्हणत होते, गोडं पाणी घालूनही इंजिन कसं गेलं? नामदेवभाऊ म्हणत होते, जुनी गाडी. विनोदला स्वतः बघायचं होतं.

चाचांनी त्याला स्टूल दिलं. तो बसला नाही. बाकावरच्या हेडकडे गेला. मी एकच बाजू साफ केली होती, दुसरी तशीच होती. त्याने वाकून त्या पांढऱ्या थरावरून नख ओढलं, बोटांत चुरलं आणि जिभेला लावलं.

"अरे बेटा, जुनी गाडी होती," चाचा घाईने म्हणाले. "इंजिन थकेल होतं. आज ना उद्या जाणारच होतं."

"चाचा, मी बी तिथलाच हावो," विनोद म्हणाला. "आमच्या घरी हंड्यावर हेच बसते. माठावर हेच. नळाच्या तोटीवर हेच." त्याने बोटं शर्टला पुसली. "बाबाले डाक्टरनं पानी मोजून देल्लं होतं. त्यायच्या वाट्याचं जे उरे, थे माय जीपच्या कॅनमंधी टाके. म्हने, जीप चालली का तुहा बाप चालते."

नामदेवभाऊंनी भिंतीला पाठ लावली होती आणि खालच्या ऑइलच्या डागांकडे बघत होते.

"कोनी तं सांगा," विनोद म्हणाला. त्याचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चिरकला. "मारामारी कराले नाई आलो मी. माय इचारते. तिले जाऊन काय सांगू? थे पानी गेलं कोठी?" मग तो माझ्याकडे वळला. "ताई, हे तुमी खोललं. तुमी सांगा. इंजिनात पानी कोनतं होतं?"

चाचांनी माझ्याकडे बघून अगदी थोडी मान हलवली. नको, असं. त्यांचं म्हणणं मला कळलं होतं. आपण गाडीचं सांगायचं, माणसाचं सांगायचं नाही. इतकी वर्षं मी तेच करत आले होते, आणि ते काही चुकीचं नव्हतं. जुनी गाडी, जुना थर, असं मी म्हटलं असतं तर विनोद गेला असता, पण जिभेवरची चव घेऊन गेला असता. नामदेवभाऊ घरी गेले असते, आणि रोज लेकीच्या हातात पेला देताना भिंतीकडे बघत राहिले असते. आणि एका बाईने, जिचा नवरा दिवसाला एका बाटलीवर जगला, आपलं पाणी कुठे गेलं हे कधीच ऐकलं नसतं.

मी हातातला ब्रश बाकावर ठेवला. विनोदच्या डोळ्यांकडे बघितलं. मला ते जमत नाही, पण बघितलं.

"पाणी खारं होतं," मी म्हणाले. "तुमच्या आईचं गोडं पाणी नामदेवभाऊंच्या लेकीनं प्यायलं. तिच्या पोटात बाळ आहे, तिला खारं चालत नाही. त्यांच्या जागी मी असते, तर मीही गाडीला खारंच घातलं असतं."